शलोमीच्या मनाची कडी

डोंगराच्या कुशीत, डाळिंबांच्या बागांमध्ये एक इवलंसं गाव होतं. गावाच्या टोकाला इवलंसं चर्च, आणि चर्चच्या मागे पत्र्याची एक खोली. तिथे शलोमी आपल्या आईबरोबर राहायची. खोलीत चूल होती, पण हल्ली ती धड पेटतही नव्हती. शलोमीची आई तापानं फणफणली होती.

आई आधी मार्थामावशींच्या बागेत कामाला जायची. एके दिवशी मावशींचा चांदीचा क्रूस हरवला. "तूच घेतलास!" असं सगळ्यांदेखत म्हणून त्यांनी आईला काढून टाकलं. आई रडत घरी आली आणि तिनं अंथरूण धरलं.

शलोमी मोठ्या गुणाची पोर! पहाटे उठून पाणी भरायची. आईच्या कपाळावर गार फडक्याची घडी ठेवायची. मोठा तुकडा आईला देऊन आपण चतकोर भाकरी खायची, आणि त्यातलाही चिमूटभर चुरा दारातल्या चिमण्यांना घालायची.

पण प्रार्थनेला गुडघे टेकून डोळे मिटले, की तिला मार्थामावशींचा चेहरा दिसायचा. मन रागानं गच्च भरायचं. मग एकही शब्द ओठांबाहेर पडायचा नाही.

एका सकाळी ती काटक्या गोळा करायला बागेत गेली. पानापानांवर दव लुकलुकत होतं. लालचुटुक फुलं वाऱ्यावर डुलत होती. एका फांदीवर कोळ्याचं जाळं होतं, आणि त्यात काहीतरी चमचम करत फडफडत होतं. शलोमीनं वाकून पाहिलं. ती एक परी होती! डाळिंबाच्या फुलाचा झगा, मोरपिशी पंख, करंगळीएवढी उंची.

शलोमीनं एकेक धागा अलगद सोडवला. कोळ्याचं घर मोडू नये म्हणून बाकीचं जाळं तसंच राहू दिलं.

परीनं पंख झटकले, तशी सोनेरी भुकटी उडाली. "किती हळुवार हात गं तुझे! माग, दोन इच्छा माग. देणारा देव आहे, मी त्याची छोटीशी दूत. पण एक नियम आहे. इच्छा उघड्या मनानं मागायची. मन बंद असेल तर ती वाया जाते."

"माझी आई बरी होऊ दे!" शलोमी लगेच म्हणाली.

परीच्या बोटातून निळी ठिणगी निघाली, भिरभिरली, शलोमीच्या छातीवर आदळली आणि विझून गेली.

"अरेरे, बाळ," परी हळूच म्हणाली, "तुझ्या मनाला आतून कडी आहे."

"पण मी कुणाचं वाईट केलं नाही!"

"नाहीच केलंस. पण मार्थामावशींचं नाव निघालं की काय होतं?"

शलोमीचे डोळे भरून आले. "त्यांनी माझ्या आईला चोर म्हटलं!"

"चुकलंच त्यांचं. फार चुकलं. पण मनाला दार एकच असतं गं. मावशी आत येऊ नयेत म्हणून ते लावलंस, तर देवालाही बाहेरच उभं राहावं लागतं."

"मग तूच उघड ना!"

"आतली कडी बाहेरून कशी निघेल? तू हात लाव. जमलं नाही तर देवालाच हाक मार."

शलोमी घरी निघाली. वाटेत ती पुटपुटली, "प्रभू, मला नाही जमत. तू मदत कर."

तेवढ्यात धडाम आवाज झाला. वाटेवरच्या आपल्या अंगणात मार्थामावशी पडल्या होत्या. कोंबड्यांचे दाणे भलतीकडेच सांडले होते, बादली लवंडली होती. शलोमीचे पाय क्षणभर अडखळले, आणि मग ती धावलीच.

"कोण आहे?" मावशी चाचपडत म्हणाल्या.

"मी शलोमी. उठा, माझा हात धरा."

मावशींनी तिचा हात घट्ट धरला. "डोळ्यांपुढे धुकं झालंय, पोरी. लोक हसतील म्हणून कुणाला सांगितलं नाही."

शलोमीनं त्यांचा खरचटलेला गुडघा धुतला, वर फुंकर घातली. कोंबड्यांना दाणे टाकले. आणि काय नवल! तिच्या छातीतलं ओझं कधी उतरलं, तिला कळलंच नाही.

"मावशी, मी तुमच्यावर फार रागावले होते," ती म्हणाली. "आता नाही रागावलेली."

मावशींनी चाचपडत तिच्या गालावरून हात फिरवला. 

शलोमी पळत बागेत आली. "परी, माझी उरलेली इच्छा! मावशींना नीट दिसू दे."

"आणि आई?" परीनं विचारलं.

"आईसाठी मी स्वतःच देवाशी बोलेन. आता मला बोलता येतंय."

परी तिच्याकडे बघतच राहिली. केवढीशी ही पोर, आणि केवढं हे मन! मग तिच्या बोटातून सोन्यासारखी पिवळी ठिणगी निघाली आणि झाडांवरून झुळझुळत गेली.

"दिसतंय! मला दिसतंय!" मावशींच्या अंगणातून आरोळी आली.

मावशींना पानं दिसली, आभाळ दिसलं. आणि कोंबड्यांच्या खुराड्यात, पेंढ्यात रुतलेला चांदीचा क्रूसही दिसला. दाणे टाकताना कधीतरी तो तिथे पडला होता, आणि त्यांच्या अंधुक डोळ्यांना दिसलाच नव्हता.

थोड्या वेळानं त्या गरम पेजेचं पातेलं घेऊन शलोमीच्या घरी आल्या. आईच्या उशाशी बसून म्हणाल्या, "माझं चुकलं गं, सुशीला. सगळ्या गावासमोर बोलले, सगळ्या गावासमोरच माफी मागेन."

आईनं त्यांचा हात हातात घेतला. शलोमीनं शेजारी गुडघे टेकले. "प्रभू, माझ्या आईला बरं कर," ती म्हणाली, आणि मग झऱ्यासारखे शब्द वाहू लागले.

दुपार कलताना आईला दरदरून घाम आला. ताप उतरला. आई उठून बसली.

खिडकीत परी हसत होती. शलोमीनं विचारलं, "मला पुन्हा राग आला तर?"

"येईलच की, वेडे! आला की देवाला सांगायचं. तो काही लांब नसतो."

एवढं बोलून परी उजळली, आधी गुलाबी, मग केशरी, मग नुसता शुभ्र उजेड. तो उजेड पत्र्याच्या खोलीभर पसरला, आणि परी दिसेनाशी झाली.

"शलोमी," आईनं हाक मारली, "ये बाळ, पेज निवतेय. आणि आधी मावशींना वाढ."