काळं पान कुणाचं?

एका खाडीकाठच्या गावात एक नाव होती आणि ती चालवणारे पाच खलाशी. खाडीला पूल नव्हता. पाणी खवळलं की नाव सोडायची की नाही हे त्या पाचजणांनी ठरवायचं, तेही तोंडाने नाही, पत्त्यांनी.

रीत साधी होती. मालक प्रत्येकाला एक लाल आणि एक काळं पान वाटायचा. जायचं असेल तर लाल पालथं टाकायचं, नको असेल तर काळं. उरलेलं पान न दाखवता थैलीत. मग पाचही पानं पिसून उलटायची. एक जरी काळं निघालं, तरी नाव बांधलेली. ते कुणाचं, हे विचारायचं नाही. चारचौघांत "मला भीती वाटते" म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही आणि म्हणून माणसं हकनाक मरतात, हे वाडवडिलांना कळत होतं.

मालकाला मात्र नाव बांधलेली दिसली की अंगाचा तिळपापड व्हायचा. "माझीच नाव, आणि माझ्यापासूनच लपवता?" शेवटी त्या दीडशहाण्याने काळ्या पानांच्या पाठीवर नखाने वेगवेगळे ओरखडे काढले आणि वाटताना कुणाला कुठलं गेलं ते ध्यानात ठेवलं.

पुढच्याच वादळात एक काळं पान निघालं. मालक भर धक्क्यावर सुकाणूवाल्याला म्हणाला, "एवढा दांडगा गडी तू, आणि पाण्याला भितोस? बांगड्या भर, बांगड्या!"

लोक खदाखदा हसले. मला मालकापेक्षा त्या हसणाऱ्यांचा जास्त राग येतो. सुकाणूवाल्याने मान खाली घातली. बाकीच्या चौघांनी ते पाहिलं.

नंतरच्या उधाणात मालकाच्या एकुलत्या एका मुलाला पलीकडे जायचं होतं. वारा असा, की धक्क्यावर उभं राहवेना. आज नाव सोडणं म्हणजे मरण, हे पाचहीजणांना कळत होतं. पानं उलटली. पाचही लाल!

"बघा, कसे सुतासारखे सरळ आले!" मालक खूश झाला.

भर खाडीत नाव उलटली. खलाशी कसेबसे पोहून आले. मुलगा आला नाही.

मालकाने सुकाणूवाल्याची गचांडी धरली. "तुला कळत होतं ना? मग काळं पान का नाही टाकलंस?"

"टाकलं होतं, मालक," तो म्हणाला, "मागच्या वेळी."

तात्पर्य: 'नाही' म्हणणाऱ्याला हुडकून काढणाऱ्याच्या वाट्याला पुढे फक्त 'हो' येतं, आणि तेच त्याला बुडवतं.