ठमीची खरवड

बालाघाटाच्या कुशीतल्या एका गावात गोदाक्का नावाची बाई खव्याची भट्टी चालवायची. कढईतला खवा उतरला, की तळाला चिकटलेली खमंग खरवड ती उलथन्यानं काढायची. त्या खरवडीचा पहिला घास मांजरीचा, हे त्या घरात ठरलेलं होतं. भट्टीवरचं मांजर गुबगुबीत, तर घरात बरकत, असं गोदाक्काची सासू मानायची. आता गोदाक्का मानत होती.

मांजरीचं नाव ठमी. पण यंदा ठमी काही गुबगुबीत होईना. पोट सारखं गुडगुडायचं, ढाळ व्हायचे, पाठीचा कणा हाताला लागायचा. गोदाक्काचा जीव थाऱ्यावर राहीना. हात कढईत आणि डोळे ठमीवर. खवा करपायची वेळ यायची. "अशक्तपणा आलाय गं बाईला," म्हणत ती वाटीभर सायीचं दूध तिच्यापुढं ठेवायची. ठमी ते चाटूनपुसून संपवायची आणि थोड्या वेळानं कोपऱ्यात जाऊन कण्हत बसायची. गोदाक्का पुन्हा वाटी भरायची.

घरात नवी सून आली होती, ऊर्मिला. बोलायची कमी, बघायची जास्त. एके सकाळी ती हळूच म्हणाली, "आत्याबाई, वाटी रिकामी झाली की मगच हिचं पोट बिघडतं. दूधच सोसत नसेल का?"

"ऐका! मांजराला म्हणे दूध सोसत नाही. उद्या म्हणशील, म्हशीला कडबा सोसत नाही!"

पण त्या दुपारी ठमीनं वाटीकडं तोंडसुद्धा वळवलं नाही. गोदाक्का भट्टी तशीच सोडून उठली. तिनं ठमीला टोपलीत घातलं, वर फडकं बांधलं आणि सुनेला घेऊन तालुक्याचा जनावरांचा दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी ठमीचं पोट चाचपलं. "काय खायला घालता?"

"काही कमी नाही, साहेब. दूध, साय, खरवड."

"तेच बंद करा. पिल्लू असतं तोवर दूध पचतं. वाढलेल्या बहुतेक मांजरांना ते पचत नाही. आणि खरवड म्हणजे तर आटवलेलं दूध."

"पण ती मागते हो! आवडीनं खाते."

"आवडतं ते पचतंच, असं कुठंय?" डॉक्टरांनी औषध दिलं. प्यायला साधं पाणी आणि खायला बिनमिठाचं, बिनमसाल्याचं उकडलेलं कोंबडीचं मांस सांगितलं.

येताना गोदाक्कानं टोपली वाटभर मांडीवरून हलू दिली नाही.

खरी परीक्षा पुढंच होती. ठमी जरा सावरली आणि कढई उतरताच पायांत घोटाळू लागली. ओरडून ओरडून भट्टी डोक्यावर घेतली. गोदाक्का उठायची, बसायची, उलथनं इकडचं तिकडं ठेवायची. तेवढ्यात खवा न्यायला आलेली साळूबाई म्हणाली, "अगं बया, खव्याच्या घरात मांजर पाण्यावर? सून आली आणि हात आखडला वाटतं!"

ऊर्मिलानं मान खाली घातली. गोदाक्काच्या बोटांत गरम खरवड होती. एक घास टाकला असता, तर ठमी गप्प झाली असती आणि साळूबाईही. हात अर्ध्यावर गेला. मग तिनं तो मागं घेतला.

"सुनेला बोलू नकोस, साळू. ह्याच हातानं लाडलाडात ठमीचा जीव घेत होते मी. सुनेनं सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही."

साळूबाई खव्याचं पुडकं उचलून निघाली. ठमीही ओरडून दमली, वाटीतलं पाणी प्यायली आणि अंग चाटत बसली. गोदाक्काच्या हाताला मात्र चैन पडेना. तो रोजच्यासारखा आपसूक सुनेकडं वळला. "घे गं, तू तरी खा." मग ती थबकली. "थांब. तुला आवडते ना खरवड?"

"नाही, आत्याबाई. मला गोड नाही आवडत."

"अगं, मग रोज मुकाट्यानं खातेस ती? आधी का नाही बोललीस?"

"आधी तुम्ही विचारलं नव्हतंत."

तात्पर्य: आपल्याला द्यायला आवडतं ते नव्हे, घेणाऱ्याला सोसतं ते देण्यात खरी माया असते; आणि ते कळायला आधी विचारावं लागतं.