महाराजांच्या कोडात चूक नसते

काजळगडच्या महाराजांना वेबसाइट स्वतः लिहायची हौस आली आणि संस्थानची वेबसाइट बंद पडली. महाराज एडिटर उघडून दिवसभर कोड बडवत, पण पान काही उघडत नसे. म्हणून तुळशीराम कासाराने कोड तपासणारं फंक्शन लिहिलं. जिथे चूक सापडेल तिथे ते लाल रेघ ओढी. महाराजांच्या पहिल्याच पानावर त्याने अकरा रेघा ओढल्या, आणि तुळशीराम कोठडीत गेला.

"आमच्या लिखाणात चूक?" महाराज कडाडले. "आम्हाला असं फंक्शन हवं, जे आमचं पान उघडून देईल, पण आमचं चुकलं असं चुकूनही म्हणणार नाही. उद्या दुपारपर्यंत जमलं नाही, तर तुळशीराम हद्दपार!"

दरबारी विद्वान कामाला लागले. एकाने महाराजांचं नाव दिसताच गप्प बसणारं फंक्शन केलं. रेघ एकही आली नाही आणि पानही उघडलं नाही. दुसऱ्याने काहीच न तपासता नुसतं "वाहवा" छापणारं फंक्शन आणलं. ते महाराजांना फार आवडलं, पण पान तसंच बंद राहिलं.

तुळशीरामची बहीण हौसा बाजारात बायकांना बांगड्या भरायची. कोड ती भावाकडूनच शिकली होती. भाऊ हद्दपार होणार म्हणून रडत बसण्यातली ती नव्हती. भावाच्याच फंक्शनमध्ये तिने थोडी डागडुजी केली आणि दुपारच्या आत दरबार गाठला.

महाराजांनी आपलं पान तपासायला लावलं. अकरा सोनेरी रेघा उमटल्या. दरबाराने माना डोलावल्या. पहिल्या रेघेखाली अक्षरं आली, "कंस वाढवावा."

"म्हणजे काय गं?"

"महाराजांनी कंस उघडलाय, तो मिटवणारा एक वाढवावा."

महाराजांनी ऐटीत वाढवला. दुसऱ्या रेघेपाशी मात्र ते अडले.

"इथे स्वल्पविराम वाढवावा म्हणतंय. इथे तर आधीच दोन आहेत."

"त्यातला एक वाढवावा, महाराज."

"अगं, तीन होतील!"

"एकच उरेल. आम्ही कासार बांगडी फुटली म्हणत नाही, वाढली म्हणतो. वाणी दुकान वाढवतो, म्हणजे बंदच करतो ना? मग राजाच्या दारी वाईट शब्द कसा काढायचा? कमी असेल तिथे घालून वाढवावं, जास्त असेल तिथे काढून."

अकरावी रेघ मिटली आणि पान उघडलं. टाळ्यांचा कडकडाट झाला, पण महाराज बोटं मोजत बसले होते.

"म्हणजे अकरा ठिकाणी आमचं चुकलंच होतं की!"

हौसाने हात जोडले. "हे महाराज म्हणाले. फंक्शन असं काही बोललेलं नाही."

महाराजांनी तिच्याकडे रोखून पाहिलं आणि मग ते असे हसत सुटले की फेटा सावरायला दोघे धावले. त्यांनी हौसाला सोन्याच्या पाटल्या दिल्या, वेबसाइटची सगळी कचेरी तिच्या हाती सोपवली आणि हसतहसतच हुकूम सोडला, "दिवाणजी, तुळशीरामची बेडी वाढवा!"

दिवाणजी लगबगीने दुसरी बेडी घेऊन निघाले.

"काढून, दिवाणजी," हौसा म्हणाली, "काढून!"