बावीस लोरेंझो आणि एक हाक

"देवा रे, पुन्हा लोरेंझो! माझं नाव म्हणजे काय परसातला शेवगा, ज्यानं त्यानं फांदी तोडून न्यावी?"

बाप्तिस्म्याच्या कुंडाशी फादरबाबा पुटपुटले, ते शेजारी मेणबत्ती धरून उभ्या असलेल्या रेमेदीन आजीनंच ऐकलं. आजीच्या पोटात काही राहत नसे, म्हणून ते आज आपल्यापर्यंत पोचलं.

वसईकडच्या खाडीला लागून खारवडी गाव आहे. इटलीहून आलेले फादर लोरेंझो तिथे तीस वर्षं राहिले, पेज जेवले, आपल्या बोलीत रागावायलाही शिकले. साथीच्या वर्षी त्यांनी इनास पाटलाचं तापलेलं तान्हं उराशी धरून प्रार्थना केली. तान्हं वाचलं, त्याचं नाव लोरेंझो ठेवलं. झालं! या नावाच्या घरात ताप उंबरा ओलांडत नाही, असं गावानं ठरवूनच टाकलं. मग उंच लोरेंझो, काळा लोरेंझो, विहिरीवरचा लोरेंझो... फादरबाबांनी घंटा वाजवायला एकाला बोलवावं, तर सहा जण दोरीला लोंबकळत!

"अरे, आमच्या देशात गल्लीगल्लीत हे नाव आहे," फादरबाबा वैतागून सांगत. "पण ज्या संताचं आहे, त्याला राजानं लोखंडी जाळीवर भाजलं. ऑगस्टात त्याच्या सणाला तारे गळतात, ते त्याचे अश्रू, असं माझी आई म्हणायची. सोपं नाव नाही हे, पोरांवर कशाला लादता?"

पण ऐकतो कोण?

अशात मिठागरात मीठ ओढणारी नातालीन बाळ घेऊन आली. नवरा पावसाळ्याआधी गेलेला. आधीची दोन लेकरं चाळीस दिवसही जगली नव्हती. ती देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, दाराबाहेरूनच म्हणाली, "फादरबाबा, याला तुमचं नाव द्या."

फादरबाबांनी कपाळाला हात लावला, पण हसले. "ये, हा तेविसावा!"

"बस झालं!" इनास पाटील कडाडला. देवळाचा कारभार त्याच्याकडे. "नाव म्हणजे काय चिंचा आहेत, वाटत सुटायला? हिला म्हणावं पेद्रू ठेव, पास्कू ठेव. दोन तर गेलीच, तिसऱ्याला मोठ्या घरचं नाव देऊन काय, राजा होणार आहे?"

बाया पदराआड हसल्या.

"इनास, नाव माझं की तुझं?"

"तुमचं आहे म्हणूनच जपतो, फादर. द्या तुम्ही. पण धर्मपिता म्हणून कोण उभा राहतो, तेही बघू."

बाळाची जबाबदारी घेणाऱ्या धर्मपित्यावाचून गावात बाप्तिस्मा होत नसे. फादरबाबांनी एकेकाकडे पाहिलं. जो तो आपल्या पायाकडे बघू लागला. इनास का अडवतो आहे, ते सगळ्यांना कळत होतं.

नातालीन एवढंच म्हणाली, "बिननावाचा गेला, तर देवाघरी याला हाक कोणत्या नावानं मारतील, बाबा?"

त्या रात्री फादरबाबा जेवले नाहीत. सकाळी ताप चढला, घसा पार बसला. हा संतापाचा ताप आहे, असं आजीचं मत.

तिसऱ्या दिवशी पौर्णिमेचं उधाण होतं. भरदुपारी खाडीचा बांध फुटला! मागे गावाची सगळी भातशेती. एकदा खारं पाणी शिरलं की तीन वर्षं दाणा नाही. माणसं दूरच्या तीन पाड्यांवर पांगलेली, वारा उलटा. इनास ओरडून ओरडून थकला. त्याचा आवाज दहा पावलांवर विरत होता.

फादरबाबा काठी टेकत बांधावर आले. घशातून शब्द फुटत नव्हता. त्यांनी आभाळाकडे पाहिलं, ओठ हलवले आणि एकदाच हाक मारली, "लोरेंझो!"

आजी शेजारीच होती. ती शपथेवर सांगे, तिला नुसती कुजबुज ऐकू आली. आणि काय सांगू, तिन्ही पाड्यांतून बावीस लोरेंझो धावत सुटले! कुणी जेवणावरून उठलेला, कुणी अर्धी दाढी केलेला. प्रत्येक जण म्हणे, "फादरबाबा आमच्या दारात उभं राहून हाक मारत होते!"

बावीस जणांनी खिंडारात उतरून खांद्याला खांदा लावला. पाणी अडलं. एका माणसाएवढी फट मात्र उरली, आणि तिथून खाडी उसळत होती.

तेवढ्यात मिठागराकडून नातालीन धापा टाकत आली, छातीशी बाळ.

"तू कशाला आलीस?" इनास खेकसला.

"बोलावलं ना! माझ्या दारात उभं राहून फादरबाबांनी लोरेंझो म्हणून हाक मारली. याला चालता येत नाही, म्हणून मी घेऊन आले."

ज्याला माणसांनी नाव दिलं नव्हतं, त्याला देवानं नावानं बोलावलं होतं!

"धरा याला," म्हणत तिनं बाळ समोरच्या हातांत ठेवलं. हात इनासचे होते. मग ती फटीत उतरली. मिठागराचे बांध घालण्यात तिची हयात गेलेली. कुठली चिखलमाती धरते, ती पायानं कशी दाबायची, हे त्या बावीस जणांत एकालाही ठाऊक नव्हतं. ती सांगत गेली, ते दाबत गेले. ओहोटी लागेपर्यंत बांध उभा राहिला होता.

फादरबाबा दगडावर बसले होते. इनास बाळाला तसंच धरून त्यांच्यासमोर आला आणि चिखलात गुडघे टेकले.

"याचा धर्मपिता मी होईन, फादर."

"ते होशील," बसक्या आवाजात फादरबाबा म्हणाले. "पण अडवलं कशाला होतंस, ते आधी सांग. मला नको, तिला सांग."

इनासनं बाळ फादरबाबांच्या मांडीवर दिलं आणि वर चढून आलेल्या नातालीनच्या चिखलानं भरलेल्या पायांवर डोकं ठेवलं.

"बाई, नाव कमी पडत नव्हतं. तुम्ही मिठागरवाली माणसं. आम्ही तुम्हाला आमच्यातलं धरत नाही."