पुण्याला गेलेली मंडळी

बोरखेडीच्या चर्चची घंटा दर रविवारी वाजायची आणि उपासनेला यायचा एकच माणूस, खुद्द घंटा वाजवणारे याकोबबाबा. बाकीचे ख्रिस्ती पोटापाण्यासाठी पुण्याला गेले होते. बाबा तरी सगळी बाकं पुसायचे, पुण्याला गेलेल्या रिबकाबाईंच्या जागेवर त्यांचं गीतपुस्तक ठेवायचे आणि एकटेच गायचे. बायकोला जाऊन अकरा वर्षं झाली होती. दुसरं कडवं ती उचलायची, म्हणून तिथं ते अजूनही क्षणभर थांबायचे.

एका रविवारी रणभिसे साहेब आले. तालुक्यातल्या सगळ्या चर्चवर त्यांची हुकमत आणि हातात कोरं कुलूप.

“नियम म्हणजे नियम, बाबा. मंडळीच नाही, तिथं चर्च कशाला?”

बाबांनी विचारलं, “साहेब, मंडळी म्हणजे प्रभूची वधू, असं तुम्हीच प्रवचनात सांगता ना?”

“सांगतो की!”

“मग आधी माझ्या घराला कुलूप लावा. माझी मंडळी वारली, ती काही परत यायची नाही. तरी तिन्हीसांजेला मी दार उघडून बसतो. प्रभूची मंडळी तर नुसती पुण्याला गेलीय. त्यानं का म्हणून दार लावून घ्यावं?”

साहेबांनी कुलूप खिशात टाकलं, ते बाकावर बसले आणि त्यांनी बाबांच्या सुरात सूर मिसळला.

दुसऱ्या कडव्याला बाबा थांबले, तेव्हा साहेबही थांबले.