झुबकीची झोकदार पाटी

ऐका बरं का, मांडी घालून ऐका. वडाखालच्या बाजारात एक खार होती. नाव झुबकी. स्वतः एवढीशी, पण शेपूट हे एवढं!

झुबकी जांभळं विकायची. टोपलीशेजारी पाटी. पाटीवर खडूनं लिहिलेलं, ‘झुबकीची जांभळं’. पाटी बघून लोक थांबायचे.

एक दिवस बकरी आली. लप लप, लप लप! अक्षरं चाटली. दाढी पांढरी करून निघून गेली.

पाटी कोरी! लोक आले, लोक गेले. एवढीशी झुबकी कुणाला दिसेचना. संध्याकाळपर्यंत जांभळं नासली तर? झुबकीला रडूच आलं. पण रडत बसेल तर ती झुबकी कसली!

निघाली. तुरुक तुरुक, तुरुक तुरुक.

“गजाभाऊ पेंटर, पाटी बोलेना, जांभळं कुणी घेईना. लिहा ना!”

“नाही लिहीत जा! ब्रश बघ किती ताठलाय. तो वाकला तर लिहीन.”

तुरुक तुरुक, तुरुक तुरुक.

“ब्रशा, ब्रशा! पेंटर लिहीना, पाटी बोलेना, जांभळं कुणी घेईना. वाक ना रे!”

“नाही वाकत जा! हापसा पाणी देईल, मी डुंबेन, मग वाकेन.”

तुरुक तुरुक, तुरुक तुरुक.

“हापसेदादा! ब्रश वाकेना, पेंटर लिहीना, पाटी बोलेना, जांभळं कुणी घेईना. पाणी द्या ना!”

“नाही देत जा! दांडा करकरतोय, कुर्रर्र! सायकलवाले जैनूचाचा तेल घालतील तर हलेन.”

तुरुक तुरुक, तुरुक तुरुक.

“चाचा, चाचा! हापसा हलेना, ब्रश वाकेना, पेंटर लिहीना, पाटी बोलेना, जांभळं कुणी घेईना. तेल घाला ना!”

“नाही घालत जा! सकाळपासून पंक्चर काढतोय, बेटा. पोटात काही नाही. कुणी खाऊ दिला तर उठेन.”

खाऊ? अहो, खाऊच तर आहे! झुबकी पळाली. दोन्ही गाल फुगवून जांभळं घेऊन आली.

चाचांनी एक तोंडात टाकलं. “वाहवा! इतकी गोड जांभळं, आणि मला पत्ताच नाही?”

चाचा उठले. तेल घातलं, ठिप ठिप.
हापसा हलला, भळ भळ.
ब्रश डुंबला, डुबुक डुबुक. वाकला की हो!
गजाभाऊंनी ब्रश धरला. सर्रर्र, गिरकी! सुईंईं, झोका! मध्ये थांबणं नाही की खोडणं नाही. अक्षरं फेर धरून नाचायला लागली. शेवटच्या अक्षराला शेपूट काढलं, चांगलं झुपकेदार!

पाटी बोलायला लागली. लोक थांबले. केवढी गर्दी!

फुगेवाली म्हणाली, “माझ्या फुग्यांवर असलीच अक्षरं काढा.”

“माझ्या पतंगांवर!”

“माझ्या चहाच्या टपरीवर!”

गजाभाऊ हसले. “याला म्हणायचं झुबकी अक्षर. आधी तिला विचारा!”

झुबकी टोपलीवर चढली. शेपूट वर, मान वर. “काढा, काढा! पण आधी माझी जांभळं घ्या!”

घेतली की! टोपली फस्त, गोष्ट फस्त.

आता जीभ दाखवा बघू. कुणाकुणाची जांभळी झाली?