अकरा मिक्सर, एक दिवा

“खोटं बोला असं मी कुठं म्हणतोय, बाबा?”

केवळनाथबाबा मठाच्या कठड्यावर बसून शेंगा फोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“दिवा मठात आला की नाही? आला. पैसे तुम्ही दिले की नाही? दिले. मग दिवा घेतला कुणी? तुम्हीच! फोन आला की एवढंच सांगायचं, दिवा मी माझ्या मनानं घेतला. यात खोटं काय आहे?”

“मंग येवडा घाम का आलाय?”

“टेकडी चढून आलोय.”

“दर अवसेला चढतोस. तवा न्हाई येत.”

सुजय होनमानेनं रुमालानं कपाळ पुसलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण ते कबूल करणाऱ्यातला तो नव्हता.

जतकडच्या उजाड माळावर ही एक टेकडी, टेकडीवर नाथांचा जुना मठ, आणि मठात एकटे केवळनाथबाबा. सुजयचे वडील बाबांचे शिष्य, म्हणून सुजयही शिष्य. लहानपणी बाबांनी त्याच्या कानात मंत्र सांगितला होता. पुढं त्या कानाला मोबाईलची टिंगटिंग जास्त गोड लागू लागली, त्याला बाबा तरी काय करणार!

सुजय मोबाईलवर व्हिडिओ करायचा. ‘सुजयचा घरचा सल्ला’ असं नाव होतं. मिक्सर कुठला घ्यावा, पंखा कुठला, फवारणीचा पंप कुठला, हे तो इतक्या आपुलकीनं सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, सख्खा भाऊच बोलतोय. व्हिडिओखाली लिंक असायची. तिच्यावरून कुणी वस्तू घेतली की विकणारी कंपनी सुजयला दलाली द्यायची. आयटीआयमधली शिकवायची नोकरी त्यानं याच जोरावर सोडली होती. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

आणि आता कंपनीनं सुजयचं खातंच बंद केलं होतं.

“परत सांग,” बाबा म्हणाले. “का बंद केलं?”

“चोर आहेत ते!”

“ते कळलं. का बंद केलं?”

मठाचा फोन बाबांच्या शेजारीच कठड्यावर ठेवलेला होता, कारण टेकडीवर रेंज फक्त तिथं यायची. सुजयनं त्यात वेळ बघितली. कंपनीचा फोन चारला येणार होता, आणि चार वाजायला थोडाच अवकाश होता.

“मामाच्या सायलीचं माघात लग्न झालं ना, तेव्हाची गोष्ट. मी सगळ्या पाहुण्यांना म्हटलं, आहेर करायचाच आहे तर माझ्या लिंकवरून घ्या. घरचा पोरगा आहे, त्यालाही हातभार लागेल. यात काय चुकलं? सगळ्यांनी मनापासून केलं. आत्या, मावशी, काका… एका घरी बसले, एकाच इंटरनेटवरून घेतलं. आणि कंपनी मला कळवते, ही गिऱ्हाइकं बनावट आहेत! माझी सख्खी आत्या बनावट?”

त्याचा आवाज चिरकला. हे मात्र त्याला खरंच लागलं होतं. आत्याला धड नंबर लावता येत नव्हता. भाच्यासाठी म्हणून ती चष्मा लावून दुपारभर त्या फोनशी झटली होती.

“आत्यानं काय दिलं आहेरात?”

“मिक्सर.”

“आन् मावशीनं?”

“…मिक्सर.”

“काकानं?”

खाली माळावर टिटवी ओरडत होती.

“किती मिक्सर झाले रं?”

“अकरा.”

बाबांच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग ते हसले. हसता हसता त्यांना खोकला आला, तरी ते हसतच राहिले.

“पोरीच्या सासरी मानसं किती?”

“चार. हसू नका, बाबा! तिच्या सासऱ्यांनी एक ठेवला आणि दहा परत पाठवले. एकाच दिवशी, एकाच पत्त्यावरून. झालं! कंपनीला वाटलं, मीच खोट्या नावांनी माल घेतो, दलाली पदरात पाडतो आणि माल परत करतो.”

“पर सगळ्यांस्नी एकच मिक्सर का सांगितलास?”

सुजयनं आभाळाकडं बघितलं. त्या महिन्यात त्याच मिक्सरवर दलाली सगळ्यात जास्त होती. ते बाबांना सांगायची काही गरज नाही, असं त्यानं मनाशी ठरवलं.

“चांगला आहे तो. चार पूर्णांक सहा स्टार आहेत त्याला.”

“हं,” बाबा म्हणाले आणि त्यांनी पुढची शेंग घेतली.

कंपनीनं सुजयला एकच संधी दिली होती. नात्यात नसलेलं एक गिऱ्हाईक दाखवा, आम्ही त्याला फोन करू. त्यानं स्वतःच्या मनानं वस्तू घेतली असेल तर खातं उघडू. इथंच घोडं पेंड खात होतं. व्हिडिओ बघून वस्तू घेणारे गावोगावी असतील, पण त्यांची नावं कंपनी सुजयला कधी कळवत नसे. त्याच्या माहितीतलं, आणि तरीही नात्याबाहेरचं, असं गिऱ्हाईक एकच होतं.

तेही कसं, तर दिवाळीत सुजयनंच मठाचा फोन हातात घेऊन, स्वतःच्या लिंकवर स्वतःचं बोट दाबून, बाबांच्या नावानं एक सौरदिवा मागवला होता. बाबांनी मागितला नव्हता. दिवा आला तेव्हा त्यांनी दक्षिणेच्या पेटीतून पैसे काढून दिले आणि सुजयला एवढंच विचारलं, “कसा हाय दिवा?”

“नंबर एक, बाबा! दिवसा उन्हात ठेवा, रात्रभर उजेड. वाऱ्यापाण्यात काही होत नाही,” सुजय म्हणाला होता. व्हिडिओतही तो हेच म्हणाला होता, अगदी याच शब्दांत.

“दिवा कुठं आहे?” सुजयनं आता विचारलं. “लावून ठेवलेला बरा. ती माणसं फोटोसुद्धा मागतात.”

बाबांनी हनुवटीनं ओवरीकडं दाखवलं. ओवरीत एका खोक्यावर मठाची मांजर पाय पोटाशी घेऊन झोपली होती. खोक्याची चिकटपट्टी जशीच्या तशी होती.

“अजून उघडलाच नाही?”

“तुला इचारलं हुतं कसा हाय म्हनून.”

“मग सांगितलं की मी!”

“व्हय. सांगितलंस.”

बाबा परत शेंगांकडं वळले. सुजयला संताप आला. पण हात दगडाखाली होता, म्हणून त्यानं राग गिळला. तो खाली बसला आणि त्यानं बाबांचे पाय धरले.

“बाबा, हे खातं गेलं तर माझे सगळे व्हिडिओ मेले. तीन वर्षं गेली त्यात. नोकरी सोडताना अण्णांना म्हणालो होतो, बघा कसा उभा राहतो ते. आता कुठल्या तोंडानं घरी जाऊ? तुमच्या एका शब्दावर अडलंय सगळं. गुरूनं शिष्याला तारायचं की बुडवायचं?”

बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हात शेंगांच्या मातीनं भरलेला होता.

“फोन येऊ दे.”

“म्हणजे सांगाल ना?”

“जे हाय ते सांगीन.”

“तेच म्हणतोय मी! पैसे तुम्ही दिले, दिवा तुमचा…”

फोन वाजला.

सुजयनंच पुढं होऊन फोन उचलला, स्पीकर लावला आणि बाबांच्या हातात दिला.

“नमस्कार,” पलीकडून एका बाईचा आवाज आला. “मी कंपनीच्या पडताळणी विभागातून ऋजुता बोलतेय. केवळनाथ महाराज का?”

“बोला, बाई.”

“दिवाळीच्या सुमारास तुमच्या नावावर एक सौरदिवा घेतलेला दिसतोय. तो तुम्ही स्वतःच्या मनानं घेतलात का? की दुसऱ्या कुणी तुमच्या फोनवरून मागवला?”

बाबांनी सुजयकडं बघितलं. सुजयनं हात जोडले.

“ज्यानं मागवला त्यालाच देतो,” बाबा म्हणाले. आणि त्यांनी तो फोन सुजयच्या जोडलेल्या दोन हातांच्या मध्ये ठेवला.

सुजय तसाच उभा राहिला. फोन नमस्कारात अडकलेला.

“हॅलो? कोण बोलतंय?”

सुजयनं बाबांकडं बघितलं. ते कठड्यावरून उठून ओवरीकडं निघाले होते. त्यांची पाठ दिसत होती.

“हॅलो… ऐकू येतंय का?”

ही बाई त्याला ओळखत नव्हती. आजवर सगळा व्यवहार ईमेलवर झाला होता, फोनवर त्याच्याशी कंपनीतलं कुणी कधी बोललं नव्हतं. मठाचा पुजारी बोलतोय म्हणता आलं असतं. बाबांचा एखादा भक्त बोलतोय म्हणता आलं असतं. कुठलंही नाव चाललं असतं, एक नाव आणि खातं उघडं. त्याच्या जिभेवर एक नाव आलंसुद्धा…

…आणि आत्या आठवली, चष्मा लावून फोनशी झटणारी. तिला बनावट म्हटलं म्हणून तो महिनाभर पेटलेला होता.

“आपलं नाव सांगता का?”

“सुजय.” त्यानं हात सोडून फोन तोंडाजवळ धरला. “सुजय होनमाने.”

“म्हणजे बंद खातं ज्यांचं आहे, तेच का?”

“हो. दिवा मीच मागवला, बाबांच्या फोनवरून. त्यांनी मागितला नव्हता.”

“आणि लग्नाच्या वेळचे ते मिक्सर?”

“ती सगळी माणसं खरी आहेत, मॅडम. माझी आत्या खरी आहे. तुम्ही तिला काहीही म्हणू नका. पण सगळ्यांना तोच मिक्सर मी घ्यायला लावला.”

“तोच का?”

“त्याच्यावर दलाली जास्त होती.”

बाई काहीतरी टाईप करत होत्या, त्याचा आवाज येत होता. मग तोही थांबला.

“माणसं खरी असतील, तशी मी नोंद करते. पण दिवा तुम्ही परस्पर मागवलाय. नियमाप्रमाणे खातं बंदच राहील. धन्यवाद, सर.”

फोन बंद झाला. सुजयनं तो कठड्यावर ठेवला.

“बुडवलंत मला!” तो ओरडला. ओवरीतली मांजर दचकून उठली. “दोन शब्द बोलला असतात तर काय बिघडलं असतं तुमचं? लोकांचे गुरू शिष्यासाठी काय काय करतात, आणि तुम्ही…”

तो पायऱ्यांपर्यंत गेला. दोन पायऱ्या उतरला आणि तिथंच बसला. खाली त्याचं गाव दिसत होतं, गावात घराचं पत्र्याचं छप्पर दिसत होतं, आणि त्या छपराखाली अण्णा होते. त्यांना काय सांगायचं ते त्याला सुचेना. त्याला रडू आलं आणि त्यानं ते आवरलं नाही.

मागं पट्टी फाडल्याचा आवाज झाला.

बाबांनी खोकं उघडलं होतं. आतला दिवा काढून त्यांनी तो कठड्यावर उन्हात ठेवला, काचेचं तोंड मावळतीकडं करून. मग ते सुजयच्या शेजारी पायरीवर येऊन बसले. सोललेल्या शेंगांची ओंजळ त्यांनी त्याच्या पुढं धरली.

सुजयनं घेतली नाही. बाबांनी ओंजळ तशीच धरून ठेवली. शेवटी त्यानं चार दाणे घेतले.

“आता बी कंपनीच चोर व्हय?” बाबांनी विचारलं.

“माहीत नाही.”

“बरं.”

चैत्रातलं ऊन होतं, ते लवकर हलेना. दोघं बसून राहिले. मांजर येऊन बाबांच्या मांडीवर झोपली. सुजयचा हात दोनदा खिशातल्या मोबाईलकडं गेला, पण त्यानं तो काढला नाही. मग माळावरचं ऊन विटकरी झालं, टेकडीची सावली गावावर गेली, आणि खाली कुणीतरी दिवाबत्ती केली.

बाबा उठले. कठड्यावरचा दिवा त्यांनी आणला आणि सुजयच्या हातात दिला.

सुजयनं तो उलटासुलटा करून बघितला. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा तो हलका निघाला. व्हिडिओत त्यानं कंपनीनं पाठवलेले फोटो दाखवले होते. प्रत्यक्ष दिवा आज पहिल्यांदाच त्याच्या हातात आला होता. बटण कुठं आहे, तेही त्याला शोधावं लागलं.

“दाब,” बाबा म्हणाले.

सुजयनं बटण दाबलं.

तो बराच वेळ हातातल्या दिव्याकडं बघत राहिला. बाबाही बघत राहिले, पण ते त्याच्याकडं.

“आता सांग, लेका,” बाबा म्हणाले. “कसा हाय दिवा?”